चारित्र्याचा रकाना

शुक्रवार, ७ सप्टेंबर

ही वही दैनंदिनीसाठी केलेली नाही. हे स्कोअरबुक आहे. कॉलेज लीगच्या टेबलावर बसून मी एकतीस वर्षं हाताने स्कोअर लिहिला. मार्चमध्ये त्यांनी मला एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक केक दिला आणि निरोप दिला. आता माझ्या जागी दोन पोरं बसून काचेवर बोटं मारतात. मागच्या महिन्यात त्यांचं यंत्र बंद पडलं आणि अख्खं स्टेडियम अकरा मिनिटं खोळंबलं. माझी पेन्सिल एकतीस वर्षांत एकदाही बंद पडली नाही. हे एक पुस्तक परत करायचं राहून गेलं. मागितलं तर देईन.

आज माझी जुनी विद्यार्थिनी देतदेत आली, एन्साइमादाच्या गोड पावांचा डबा घेऊन. डबा आणते तेव्हा काम असतं. शाळेत ती माझ्या गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून बास्केटबॉलपटूंची चित्रं काढायची, आणि शाळेच्या नन सिस्टर युलालियांनी तिला त्याबद्दल दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता ती आमिहान पेंट्सच्या व्यावसायिक संघात खेळाडू पारखायचं काम करते, आणि त्याचे तिला पैसे मिळतात.

"मिस, एक विनंती आहे. नाही म्हणू नका."

"आधी विनंती सांग. काय म्हणायचं ते माझं मी बघेन."

सोळा डिसेंबरला ड्राफ्ट आहे. बारा क्लब पाळीपाळीने कॉलेजच्या पोरांतून एकेक नाव उचलतात. आमिहानची पाळी सातवी. तोपर्यंत त्यांच्या कामाचे दोघंच उरतील असा देतदेतचा अंदाज आहे. दोघंही सान इल्देफोन्सो कॉलेजचे: सांती लेग्वार्दा आणि ग्रेगोर दुमालाओन. त्यातला एक घ्यायचा.

"यंत्राच्या आकड्यांत दोघं सारखे आहेत, मिस."

"मग नाणं उडव."

"यंत्र फक्त बास्केट मोजतं. तुम्ही काय काय मोजता ते मला माहीत आहे. परीक्षेत कोण कुणाच्या वहीत किती वेळा डोकावलं ते तुम्ही मोजायचात."

"अकरा वेळा. तूच."

ती इतकी हसली की तिच्या हातातली कॉफी बशीत सांडली. मग तिने क्लबचा छापील तक्ता काढला. पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण: उंची, वेग, नेम, समज, चारित्र्य. तीस नोव्हेंबरपर्यंत भरून द्यायचा. एस्तेर, मला मानांग म्हणजे ताई म्हणणारी माझी धाकटी बहीण, स्वयंपाकघरातून म्हणाली, "मानांग, अडुसष्टाव्या वर्षी आता पोरांच्या मागे फिरणार का?" मी तिला सांगितलं, पोरांच्या मागे नाही, आकड्यांच्या मागे.

हो म्हटलं आहे.

रविवार, १६ सप्टेंबर

सामना पाहिला. स्टेडियमच्या पायऱ्या ज्याने बांधल्या त्याला म्हातारी आई नसावी.

पहिला शोध: उंची. कॉलेजच्या पुस्तिकेत ग्रेगोर सहा फूट सात. सामन्याआधी दाराच्या चौकटीखाली उभा होता. ती चौकट मी मागे एकदा मोजलेली आहे. सहा पाच, तेही बुटांसकट. या देशात माणूस कागदावर फार लवकर वाढतो. सांतीही तसाच दोन इंचांनी फुगवलेला. म्हणजे या रकान्यात दोघं सारखे.

सांतीचा नेम सुरेख आहे. त्याबद्दल लिहिण्यासारखं अधिक नाही. सुरेख गोष्टींचं असंच असतं.

ग्रेगोर मात्र कोडं आहे. दोन वर्षांपूर्वी मी टेबलावर होते तेव्हा हा पोरगा माकडासारखा उड्या मारायचा. सामन्यात तीन-तीन ब्लॉक, समोरच्याचा चेंडू हवेतच अडवलेला. आज एकही नाही. प्रतिस्पर्धी नेम धरतो तेव्हा हा नुसते हात वर करून उभा राहतो, आणि तरीही समोरच्याचा नेम चुकतो. बास्केटखाली चेंडू आला की उडी न मारता कुणाला तरी देऊन टाकतो. त्याने दिलेल्या चौदा चेंडूंपैकी नऊ बास्केटमध्ये गेले. यंत्रवाल्या पोरांनी यातलं काही टिपलं असेल असं वाटत नाही.

पुढच्या वेळी उड्या मोजायच्या. कोणत्या पायावरून मारतो तेही.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

महिन्याचा पहिला शुक्रवार. सान इल्देफोन्सोच्या चॅपलमध्ये संघासाठी सकाळी मिस्सेची प्रार्थना असते. चारित्र्याचा रकाना स्टेडियममध्ये बसून भरता येत नाही, म्हणून गेले.

जे पाहिलं ते असं. फादरांनी भाकर उचलली, घंटी वाजली, चौदा पोरं गुडघ्यावर आली. ग्रेगोर दुमालाओन बाकाच्या कडेवर बसून राहिला. मान खाली घातली होती एवढंच. ज्याच्यापुढे अख्खं चॅपल गुडघे टेकतं त्याच्यापुढे हा महाराज बसलेला. सिस्टर युलालिया सांगत, माणूस ओळखायचा तर त्याचे गुडघे बघा, तोंड नको. सांती मेणबत्तीसारखा ताठ टेकला होता. पाठीला एक बाक नाही.

मीही टेकले. या वयात टेकते. उठताना जरा वेळ लागला, बाक फार जवळजवळ लावलेत. कॉलेजचा कारभार बघणाऱ्या बर्सारकडे तक्रार करणार आहे.

ग्रेगोर. चारित्र्य: ४. पेन्सिलीने.

रविवार, १४ ऑक्टोबर

देतदेतने दोघांशी बोलायची परवानगी काढून दिली. सामन्यानंतर वरच्या गॅलरीत भेटलो.

सांतीला विचारलं, तुझा दोष काय? म्हणाला, "मी फार मेहनत करतो, मिस." हे उत्तर कुणीतरी पाठ करून घेतलेलं आहे. चांगल्या घरचा मुलगा. खुर्ची पुढे केली, पाणी आणून दिलं.

मग ग्रेगोर. काळे घट्ट पायमोजे मांडीपर्यंत चढवलेले, आजकाल सगळ्यांची ती फॅशन आहे. आला तो माझा हात धरून कपाळाला लावायला वाकला. "आशीर्वाद द्या, लोला."

"मी कुणाची आजी नाही. मिस म्हण."

"बरं, मिस लोला."

मासबातेच्या एका मासेमारी गावचा आहे. बोलतो तेव्हा गाव ऐकू येतं. मी त्याला सरळ विचारलं, उड्या का सोडल्यास? त्याने पायमोजे वर ओढले. मग म्हणाला, "मिस, चेंडू कुठे पडणार ते आधी दिसलं की तिथे जाऊन उभं राहायचं. उडी मारावी लागली म्हणजे आपल्याला उशीर झाला."

हे वाक्य मी दोनदा लिहून घेतलं. एकतीस वर्षांत एकाही प्रशिक्षकाच्या तोंडून इतकं शहाणं वाक्य ऐकलेलं नाही. मग तासभर तो मला समजावत होता की बास्केटच्या कड्याला चेंडू कुठे लागला की कुठे उडतो. पेन घेऊन त्याने माझ्या वहीत वर्तुळं काढली. मी सत्तरीला आले आणि आज मला एक नवी गोष्ट कळली. घरी येऊन कालामान्सीची फळं वाटीच्या काठावर आपटून पाहिली. बरोबर आहे त्याचं. एस्तेरने फळं मोजून परत ठेवायला लावली.

आणखी एक नोंद, त्याच्या बाजूने. खाली उतरताना सांती दोन-दोन पायऱ्या उतरत पुढे निघून गेला. ग्रेगोर मात्र माझ्याबरोबर राहिला. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, माझ्याच चालीने अठ्ठेचाळीस पायऱ्या. आजच्या पोरांत ही रीत राहिलेली नाही. त्याच्या अंगाला खोबरेल आणि आल्याचा वास येत होता, माझ्या खोलीत येतो तसाच. खेड्यातली पोरं अजून तेल लावतात हे ऐकून एस्तेरलाही बरं वाटेल.

मग हा मुलगा गुडघे का टेकत नाही? मला उलगडत नाही.

सोमवार, २९ ऑक्टोबर

पाच सामने झाले. ग्रेगोरने डाव्या पायावरून मारलेल्या उड्या, सामन्यागणिक: ६, ४, ३, १, ०.

आठवड्या-आठवड्याला शहाणा होत चालला आहे. मी इतकी नीट उतरती ओळ फक्त पाठ्यपुस्तकात पाहिली आहे. समज: ९. पूर्ण दहा कुणालाच देत नाही.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. आई-वडिलांच्या कबरीवर फुलं ठेवून थेट चॅपलमध्ये गेले. संघाच्या मिस्सेत फादरांनी पोरांच्या दिवंगत नातलगांची नावं वाचली. त्यात ग्रेगोरची आई होती. नाव वाचलं गेलं, सगळे गुडघ्यावर आले, आणि हा बसून राहिला.

आईच्या नावाला.

मला इतका राग आला की मिस्सेत सगळे एकमेकांना शांतीचा हात देतात तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. बुद्धी असलेला माणूस गर्विष्ठ निघाला तर तो मठ्ठ माणसापेक्षा वाईट. मठ्ठाला निदान निमित्त असतं.

चारित्र्य: २. पेनने.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

हंगाम संपला. तक्ता दिला. खाली चार ओळी लिहिल्या: "ग्रेगोर दुमालाओन याच्याइतकी खेळाची समज मी या लीगमध्ये पाहिलेली नाही. मात्र तो देवापुढेही वाकत नाही. प्रशिक्षकापुढे वाकेल का, ते क्लबने ठरवावं." वाक्य लिहून झाल्यावर मला ते आवडलं. हे इथे कबूल करते.

संध्याकाळी देतदेतचा फोन.

"मिस, मालकांनी वाचलं. ते रोज मिस्सेला जातात, तुम्हाला माहीत आहे. शेवटचा रकाना पाहिला आणि कागद बाजूला सारला. आम्ही सांती घेतोय."

"समज नऊ आहे त्याची. ते वाचलं का त्यांनी?"

"तुम्हीच दोन दिलेत, मिस. आणि एक सांगू? दुपारी दुसऱ्या क्लबच्या माणसाने मला विचारलं, तो पोरगा नास्तिक आहे म्हणे. मी कुणाला बोलले नव्हते. हे शहर लहान आहे."

ताटातल्या पान्सितच्या शेवया गार होऊन गेल्या. मी खरं तेच लिहिलं. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच.

रविवार, २ डिसेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण हे पान मला पुन्हा वाचावं लागेल.

जेवताना एस्तेरने विचारलं, मन कशात अडकलंय? मी तिला सगळं सांगितलं. गर्व, गुडघे, आईचं नाव. आणि म्हटलं, गंमत बघ, याच मुलाने अठ्ठेचाळीस पायऱ्या माझ्यासाठी एकेक करून उतरल्या.

एस्तेर भात वाढत होती. म्हणाली, "तुझ्यासाठी कशाला, मानांग? तोही तसाच उतरत असेल. दोघं सारखेच हळू, म्हणून बरोबर राहिलात."

"बावीस वर्षांचा खेळाडू आहे तो."

"आणि तू जीपनी गाडीत नेहमी उजवा पाय आधी टाकून चढतेस. डावा मागून ओढून घेतेस. मी तीन वर्षं बघतेय. तू मोजत नाहीस एवढंच."

मी ताटावरून उठले आणि वही आणली. ६, ४, ३, १, ०.

माझ्या वर्गात कुणी असं केलं असतं, आकडे बरोबर लिहून उत्तर चुकीचं काढलं असतं, तर मी तिला फळ्यापाशी उभं केलं असतं. लांब पायमोजे. खोबरेल आणि आलं: हाडं बसवणाऱ्या हिलोतचं तेल. माझ्या खोलीत तो वास का येतो हे मला दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं का? सगळं मी स्वतःच्या हाताने टिपलं, तारखेसकट, आणि त्यावर लिहिलं, गर्विष्ठ.

एस्तेर म्हणाली, "जेव तरी आधी."

मंगळवार, ४ डिसेंबर

चॅपलमध्ये बोलावलं त्याला. दुपारची वेळ, झाडू मारणारी बाई सोडून कुणी नव्हतं. ती झाडून गेल्यावर मी म्हटलं, "गुडघे टेक."

"मी सकाळी प्रार्थना केली, मिस लोला."

"प्रार्थना कर म्हटलं नाही. टेक म्हटलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाकाला धरून उजवा गुडघा खाली नेला. डावा चार बोटं वर राहिला आणि तिथेच थरथरायला लागला. हसायचा प्रयत्न करत होता. मी म्हटलं, "पुरे. बस." मग मीही बसले.

त्याने सांगितलं: जूनमध्ये सरावात पाय मुरगळला. फुगला. संघाच्या माणसाने बर्फ लावला, गावाकडच्या हिलोतने तेल चोळलं, आणि प्रशिक्षक म्हणाला, ड्राफ्ट होऊ दे, मग बघू. डॉक्टरला दाखवलंच नाही, कारण दाखवलं की कागद तयार होतो.

"तुझं अजून एक वर्ष आहे ना कॉलेजचं? यंदा नाव मागे घे. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत आहे."

त्याने फोनमधला फोटो दाखवला. त्याच्या गावच्या चौकात दोन मजली कापडी फलक लटकतोय: "अभिनंदन ग्रेगोर, मासबातेचा अभिमान." ग्रेगोरचा चेहरा ताटाएवढा, आणि त्याच्या बाजूला महापौरांचा चेहरा टेबलाएवढा. ड्राफ्ट व्हायला बारा दिवस आहेत आणि अभिनंदन होऊन गेलंय.

"सोळा तारखेला चौकात पडदा लावणार आहेत, मिस. डुक्कर ठरलंय. बाबांनी सगळ्यांना जेवायला सांगितलंय. कसं मागे घेऊ? बाबा चौकातून चालतील कसे?"

मग मी त्याला तक्त्याबद्दल सांगितलं. न सांगता घरी आले असते तर आणखी एक पाप झालं असतं. चार ओळी होत्या तशा म्हणून दाखवल्या. आता त्या वाक्याची मला शिसारी येते.

तो आधी हसला. "म्हणून परवा एका माणसाने मला विचारलं, तू कुठल्या धर्माचा." मग माझ्याकडे वळला. "आईच्या नावालाही बसलो होतो. ते पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं."

"त्या दिवशी टेकायला गेलो होतो. जमलं नाही."

मी म्हटलं, "मी ते खोडणार आहे. पण का खोडलं ते विचारतील. कारण लिहायचं तर गुडघा लिहावा लागेल."

"मग नका खोडू." हे तो लगेच म्हणाला. "राहू दे तसंच. नास्तिक खेळाडूला कुणी ना कुणी घेईल, मिस. दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या फेरीत. लंगड्याला कोण घेणार?"

एकतीस वर्षांत मी एकही खोटा गुण लिहिला नाही, आणि आता माझं खोटंच या मुलाला झाकायला पुरेसं आहे, आणि तोच म्हणतो ते राहू दे.

शेवटी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. "हे तुझे डाव्या पायाचे आकडे. शून्याच्या खाली आकडा जात नाही, ग्रेगोर. पुढची ओळ उजव्या पायाची सुरू होईल. ती मी मोजणार नाही."

त्याने ओळीवरून बोट फिरवलं. "सहा होत्या? मला वाटलं, त्या दिवशी चारच मारल्या."

"सहा. दोन मोडलेल्या, पण उड्याच."

"उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल," मीच पुढे म्हटलं. "माझी एक विद्यार्थिनी हाडांची डॉक्टर आहे. कागद तुझ्या हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही."

तो माझ्या पायाकडे बघत होता. "येतो. तुमचापण दाखवणार असाल तर."

"माझ्या गुडघ्याला काय झालंय?"

"पायऱ्या उतरताना तुम्ही सतराव्या पायरीला थांबलात, बत्तिसाव्याला थांबलात. मला बरं वाटलं, मिस. मलाही थांबायचंच होतं."

म्हणजे तोही मोजत होता.

बुधवार, ५ डिसेंबर

दोघांच्या गुडघ्यांच्या एमआरआय फिल्म डॉक्टरने एकाच उजेडाच्या फळीवर शेजारी लावली. त्याच्या सांध्यातली गादी फाटली आहे. असाच खेळला तर एक हंगाम, कदाचित दोन, नंतर काठी. शस्त्रक्रिया केली तर आठ-नऊ महिने बसायचं, आणि मग उड्या मारता येतील. "किती?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "ते मिस मोजतील."

माझ्याबद्दल ती पुष्कळ बोलली. लिहीत नाही.

परत येताना जीपनीत त्याने दोघांचं भाडं दिलं. उतरताना म्हणाला, "शुक्रवारपर्यंत काही लिहू नका." मी हो म्हटलं. कुणाला हो म्हणताना इतकी भीती मला पूर्वी वाटलेली नाही.

गुरुवार, ६ डिसेंबर

दोन पत्रं लिहून ठेवली आहेत. एकात गुडघा आहे, एकात नाही. दुसरं वाचायला चांगलं आहे. दोन्ही खणात ठेवली. तो नाव मागे न घेताच उभा राहिला तर देतदेतला पहिलं पाठवायला हवं, कारण तिने माझ्यावर विश्वास टाकला आहे. आणि पाठवलं की हा मुलगा संपला. एस्तेरने दोनदा विचारलं, मानांग, रोझरी म्हणायची का? म्हटली. बसून.

शुक्रवार, ७ डिसेंबर

पहिला शुक्रवार, पण चॅपलला गेले नाही. फोनजवळ बसले.

चार वाजून वीस मिनिटांनी तो दारात. धापा टाकत होता. रस्ता तुंबला म्हणून शेवटचा भाग चालत आला, त्या पायावर. हातात लीगच्या कचेरीचा शिक्का मारलेला कागद. नाव मागे.

"बाबांना काल फोन केला," तो म्हणाला. "जूनपासूनचं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, दुखतं का? म्हटलं, हो. म्हणाले, गाढवा, जूनपासून?"

"आणि फलक?"

"उतरवतील म्हणाले. महापौर रागावतील."

"महापौरांचा चेहरा आधीच पुरेसा मोठा आहे."

एस्तेरने त्याला भात वाढला. तीनदा घेतला. जेवून झाल्यावर म्हणाला, आता लिहा, मिस लोला, गुडघ्यासकट. पुढच्या वर्षी कुणाला वाटायला नको की मी मिस्सेत आळस करतो.

मी देतदेतला लिहिलं: "रकाना पाचवा, ग्रेगोर दुमालाओन. दिलेले गुण रद्द. चूक खेळाडूची नाही, लिहिणारीची आहे. मुलगा गुडघा टेकू शकत नव्हता, आणि मला तसं विचारावंसंही वाटलं नाही. मालकांनी हे पत्र स्वतः वाचावं आणि जिथे जिथे पहिलं सांगितलं गेलं तिथे हेही सांगावं."

तासाभराने तिचा फोन. "मिस, तुम्ही पेनने लिहिलेलं खोडलंत?"

"लांब पट्टी ठेवून."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नवीन गुण किती देऊ?"

मी सांगितलं, कोरा ठेव. तो रकाना मी पुन्हा भरणार नाही, कुणाचाच नाही. देवाच्या टेबलावर स्कोअर लिहायला मला कुणी बसवलेलं नाही.

रविवार, १६ डिसेंबर

ड्राफ्ट. आम्ही हॉस्पिटलात होतो, त्याच्या खोलीत. शस्त्रक्रिया परवा झाली. पाय उशांवर, बासनात बांधल्यासारखा. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता.

सातव्या पाळीला सांतीचं नाव आलं. सूट छान होता. आईला मिठी मारली, क्रुसाची खूण केली, पाठीला बाक नाही. मी या मुलावर नाराज नाही. तो टेकतो हा काही त्याचा दोष नव्हे.

ग्रेगोरने सगळी बारा नावं बघितली. नवव्या नावाला म्हणाला, "हा उड्या फार मारतो." मी म्हटलं, "उशीर होतो त्याला." तेवढंच.

संध्याकाळी त्याच्या वडिलांनी फोटो पाठवला. डुक्कर कापलंच, आमंत्रणं परत घेता येत नाहीत. चौकात अख्खं गाव जेवतंय, आणि सर आली म्हणून पंगतीवर छप्पर म्हणून तोच फलक ताणलाय, उलटा. चेहरे खालून दिसतात. खाली लिहिलं होतं: "तुझ्याखाली सगळे कोरडे बसलेत."

त्याने फोन उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी खिडकीबाहेर बघण्यासारखं काही आहे का ते शोधलं. नव्हतं. तरी बघत राहिले.

शुक्रवार, ४ जानेवारी

पहिला शुक्रवार. तो कुबड्या घेऊन आला, माझ्याकडे काठी. डॉक्टरने माझ्या गुडघ्यासाठी तारीख दिली आहे, एप्रिलची. मी फेब्रुवारी मागितला होता, तर ती म्हणाली, मिस, रांगेत उभं राहायला तुम्हीच शिकवलंत.

आम्ही शेवटच्या बाकावर जागा घेतली, तिथे पाय लांब करता येतो. फादरांनी भाकर उचलली, घंटी वाजली, सगळं चॅपल खाली गेलं. आम्ही दोघं बसून राहिलो. साठ वर्षांत मी घंटीला पहिल्यांदा बसून राहिले. समोर इतकी डोकी खाली असली की वेदी नीट दिसते, हे मला माहीत नव्हतं.

बाजूच्या बाकावरून एका बाईने जीभ टाळ्याला लावून आवाज केला, मोठ्याने, आम्हाला ऐकू जाईल असा. चांगल्या शाळेतली असणार. तो आवाज शिकवावा लागतो.

ग्रेगोर पुटपुटला, "मिस, ती आपल्याकडे बघतेय."

"बघू दे," मी म्हटलं. "तिचं मोजून झालं की सांगेल."